ट्रंक 'अप' दिसतो, पण व्हीलॅन पोचत नाही: राउटर आणि स्विचमधला दोष कसा शोधायचा

तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो. कॉलेजात सिस्कोचा २९११ राउटर आहे. त्याच्या गिगाबिट ०/० पोर्टातून एकच केबल कॅटॅलिस्ट २९६० स्विचच्या गिगाबिट ०/१ वर जाते. ही केबल ट्रंक आहे, म्हणजे एकाच तारेवरून अनेक व्हीलॅनची (एकाच स्विचवर पाडलेल्या वेगवेगळ्या आभासी जाळ्यांची) वाहतूक जाते. व्हीलॅन १० कार्यालयाचा, २० संगणक प्रयोगशाळेचा, ९९ स्विच सांभाळण्यासाठी आणि तोच ट्रंकचा नेटिव्ह, म्हणजे क्रमांकाची खूण न लावता जाणारा. गेल्या आठवड्यात ग्रंथालयासाठी व्हीलॅन ३० जोडला, तो सुरू झाला आणि त्याच क्षणी १० व २० बंद पडले. तुम्ही १० आणि २० परत लिहिले, तर ते आले आणि ३० गेला. शिवाय राउटरवरून स्विचचा १९२.१६८.९९.२ हा पत्ता पिंग होत नाही. केबल बदलून झाली, दोन्हीकडचे दिवे हिरवे आहेत, इंटरफेस 'अप, अप' दाखवतो. आता पुरवठादार म्हणतोय की राउटर जास्त व्हीलॅन पेलत नाही, नवा घ्या.

राउटर घेऊ नका. तुमच्याकडे दोन वेगवेगळे दोष एकमेकांवर बसले आहेत. दोन्ही दोष स्विचच्या त्या एका पोर्टावर दुरुस्त होतील, पैसा लागणार नाही.

पहिला दोष. तुम्ही स्विचवर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' असं लिहिलं. या ओळीचा अर्थ 'यादीत ३० सुद्धा घाल' असा होत नाही, 'यादी आता फक्त ३० एवढीच' असा होतो. जुनी यादी पुसली जाते, स्विच काही विचारत नाही आणि इशाराही देत नाही. नंतर तुम्ही '१०,२०' लिहिलंत तेव्हा ३० पुसला गेला. जोडायचं असेल तर मध्ये 'ॲड' हा शब्द लागतो: 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०'. काढताना 'रिमूव्ह'. या एका शब्दापायी चालती कार्यालयं बंद पडलेली मी इतक्या वेळा पाहिली आहेत, की माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच सांगतो.

तुमच्या आताच्या यादीत ३० नाही, तसा ९९ सुद्धा नाही. त्यामुळे ९९ चं पिंग बंद असायला हे एक कारण पुरेसं आहे. पण तुम्ही ९९ यादीत घातलात तरी पिंग येणार नाही, आणि तेव्हा माणूस खरा गोंधळतो. तिथे दुसरा दोष आहे, त्याकडे येतोच. त्याआधी एक कमांड नीट वाचायला शिकू या, कारण निम्म्याहून जास्त ट्रंकचे दोष तिथेच उलगडतात.

स्विचवर 'शो इंटरफेसेस ट्रंक' द्या. चार तुकड्यांत उत्तर येतं आणि बहुतेक जण पहिला तुकडा पाहून 'ट्रंकिंग' शब्द दिसला की थांबतात. पहिल्या तुकड्यात पोर्ट ट्रंक आहे की नाही आणि नेटिव्ह कुठला, एवढंच कळतं. दुसऱ्यात तुम्ही परवानगी दिलेले व्हीलॅन, काही लिहिलं नसेल तर १ ते ४०९४. तिसऱ्यात परवानगी असलेले आणि स्विचवर खरोखर अस्तित्वात असलेले. चौथ्यात त्यांपैकी स्पॅनिंग ट्रीने (जाळ्यात फेरा होऊ नये म्हणून जादा वाटा अडवणाऱ्या यंत्रणेने) ज्यांना वाट दिली आहे आणि जे छाटले गेलेले नाहीत ते. बोट ठेवून तुमचा व्हीलॅन वरून खाली शोधत या. ज्या तुकड्यात तो गायब होतो, दोष तिथे. दुसऱ्यात नाही, तर अलाउड यादी चुकली. दुसऱ्यात आहे पण तिसऱ्यात नाही, तर तो व्हीलॅन त्या स्विचवर तयारच केलेला नाही किंवा बंद करून ठेवलाय. तिसऱ्यात आहे, चौथ्यात नाही, तर स्पॅनिंग ट्रीने अडवलंय किंवा व्हीटीपीने (स्विचांमध्ये व्हीलॅनची यादी आपोआप वाटणाऱ्या सिस्कोच्या प्रोटोकॉलने) छाटलंय. आणि तुमचा पोर्ट या चारही तुकड्यांत कुठेच नसेल, तर तो ट्रंक झालेलाच नाही.

ट्रंक न होण्याचं राउटरच्या बाबतीत एक ठरलेलं कारण असतं. २९६० चे पोर्ट मुळात 'डायनॅमिक ऑटो' या अवस्थेत येतात, म्हणजे समोरच्याने डीटीपीवरून (ट्रंक करायचा का हे आपसात ठरवण्याच्या सिस्कोच्या प्रोटोकॉलवरून) विचारलं तरच ट्रंक होतात. समोर दुसरा स्विच असेल तर तो विचारू शकतो. राउटर डीटीपी बोलतच नाही. मग स्विच वाट पाहत बसतो, पोर्ट ॲक्सेसच, म्हणजे एकाच व्हीलॅनचा, राहतो, दिवा मात्र हिरवाच. म्हणून राउटरकडे जाणाऱ्या पोर्टावर 'स्विचपोर्ट मोड ट्रंक' हाताने लिहायचं आणि खाली 'स्विचपोर्ट नोनिगोशिएट'. जुन्या ३५६० किंवा ३७५० वर हे लिहिताना स्विच नकार देतो, कारण तिथे ट्रंकवर व्हीलॅनची खूण लावायच्या आयएसएल आणि डॉट वन क्यू (८०२.१क्यू) अशा दोन्ही पद्धती असतात. आधी 'स्विचपोर्ट ट्रंक एन्कॅप्सुलेशन डॉट वन क्यू' द्यावं लागतं. २९६० वर हीच ओळ चुकीची ठरते, कारण त्याला दुसरी पद्धत येतच नाही. ते पाहून घाबरू नका.

तिसऱ्या तुकड्याबद्दल थोडं जास्त सांगतो. एखाद्या पोर्टाला 'ॲक्सेस व्हीलॅन ३०' दिलं आणि ३० नसेल, तर स्विच तो स्वतःच तयार करतो. ट्रंकच्या यादीत लिहिलं म्हणून तयार करत नाही. त्यामुळे ग्रंथालयातल्या टोकाच्या स्विचवर ३० असतो, राउटरजवळच्या स्विचवर नसतो, आणि ट्रंक दोन्हीकडे बरोबर लिहिलेला असूनही वाहतूक मधल्या स्विचवर संपते. तुमच्याकडे पुढे इमारती वाढल्या की हे होणारच, तेव्हा लक्षात ठेवा. दुसरं असं की स्विच व्हीटीपी सर्व्हर अवस्थेत असेल तर व्हीलॅनची नावनिशी रनिंग कॉन्फिगमध्ये दिसत नाही, ती फ्लॅशमधल्या वेगळ्या फाइलीत असते. जळलेल्या स्विचच्या जागी नवा बसवून जुनं कॉन्फिग चिकटवलं, की पोर्ट सगळे जागेवर येतात, पण ज्यांना ॲक्सेस पोर्ट नाही ते व्हीलॅन तयारच होत नाहीत. मी लहान जागांमध्ये सरसकट व्हीटीपी ट्रान्सपरंट ठेवतो. मग व्हीलॅन कॉन्फिगमध्येच दिसतात आणि कुणी जुना, मोठ्या रिव्हिजन क्रमांकाचा स्विच आणून जोडला तरी तुमची यादी पुसली जात नाही.

आता दुसरा दोष, नेटिव्हचा. इथे जरा सावकाश या.

फ्रेम, म्हणजे केबलवरून जाणारं डेटाचं पाकीट, ट्रंकवर चढताना तिच्यात चार बाइटचा टॅग घातला जातो. ही पद्धत ८०२.१क्यू या १९९८ च्या आयट्रिपलई मानकातली. पहिल्या दोन बाइटांत हेक्स ८१०० हा आकडा असतो, म्हणजे 'पुढे टॅग आहे' अशी खूण. उरलेल्या दोन बाइटांमधले १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक सांगतात. १२ बिटांत ४०९६ आकडे मावतात, ० आणि ४०९५ राखीव, म्हणून वापरायला ४०९४. नेटिव्ह व्हीलॅन याला अपवाद. त्याची फ्रेम टॅगशिवाय जाते, आणि टॅगशिवाय आलेली फ्रेम नेटिव्हची समजली जाते. कुठला क्रमांक नेटिव्ह, हे फ्रेमवर कुठेच लिहिलेलं नसतं. ते फक्त दोन्ही टोकांच्या कॉन्फिगमध्ये असतं, आणि दोन्हीकडे एकच लिहिणं ही तुमची जबाबदारी.

तुम्ही राउटरवर लिहिलंय: इंटरफेस गिगाबिट ०/०.९९, 'एन्कॅप्सुलेशन डॉट वन क्यू ९९'. शेवटी 'नेटिव्ह' हा शब्द नाही. म्हणजे राउटर ९९ च्या फ्रेमवर टॅग लावून पाठवतो आणि टॅग लागूनच यावी अशी अपेक्षा ठेवतो. स्विचसाठी ९९ नेटिव्ह आहे, तो टॅग काढून पाठवतो. राउटर पत्ता विचारणारी एआरपी फ्रेम पाठवतो, स्विच ती स्वीकारतो, कारण कॅटॅलिस्ट सहसा नेटिव्हची टॅग लावलेली फ्रेमही घेतो. स्विच उत्तर देतो, टॅगशिवाय. ते उत्तर राउटरच्या मूळ ०/० इंटरफेसवर येऊन पडतं. त्या इंटरफेसला आयपी नाही, तिथेच ते संपतं. जाणारी वाट चालू, येणारी बंद.

हे माझ्या शब्दावर मानू नका, डोळ्यांनी बघा. ९९ यादीत घातल्यावर राउटरवरून पिंग सुरू करा. स्विचवर 'शो मॅक ॲड्रेस-टेबल व्हीलॅन ९९' द्या. राउटरचा मॅक, म्हणजे त्याच्या पोर्टाचा हार्डवेअर पत्ता, गिगाबिट ०/१ समोर दिसेल, म्हणजे राउटरचा आवाज स्विचपर्यंत ९९ मध्येच पोचतोय. आता राउटरवर 'शो व्हीलॅन्स' द्या, शेवटचा 'स्' विसरू नका. तिथे प्रत्येक व्हीलॅनसमोर किती पाकिटं आली आणि किती गेली ते दिसतं. ९९ समोर आलेल्यांचा आकडा हलणार नाही. 'शो एआरपी' मध्ये ९९.२ समोर 'इनकम्प्लीट'. तीन ओळी, आणि दोष कुठल्या दिशेला आहे ते पक्कं झालं.

मॅकची ही तपासणी नेटिव्हपुरती नाही, ती माझी रोजची आहे. राउटरचे सगळे सबइंटरफेस (०/०.९९ सारखे, दर व्हीलॅनचा एक) त्या मूळ पोर्टाचाच एक मॅक वापरतात. त्यामुळे तोच मॅक स्विचच्या तक्त्यात १० मध्ये, २० मध्ये, ३० मध्ये, प्रत्येकात एकदा, त्याच ट्रंक पोर्टासमोर दिसायला हवा. ज्या व्हीलॅनमध्ये तो नाही, तिथे राउटरकडून टॅग नीट येत नाही किंवा वाटेत गळतोय. फक्त आधी राउटरवरून त्या व्हीलॅनमधल्या एखाद्या यंत्राला पिंग करा, कारण ३०० सेकंद काही ऐकू आलं नाही तर स्विच मॅक विसरतो.

उपाय दोन आहेत. राउटरवर '९९ नेटिव्ह' लिहिलंत तरी चालेल. पण मी ते करणार नाही. स्विचचा ताबा ज्या व्हीलॅनवरून घेतो, तोच नेटिव्ह ठेवणं मला पटत नाही. टॅग नसलेलं जे काही त्या केबलवर येईल ते थेट तुमच्या व्यवस्थापनाच्या जाळ्यात शिरतं, आणि दुहेरी टॅग लावून व्हीलॅन ओलांडण्याची जुनी युक्तीसुद्धा नेटिव्हवरच उभी आहे. त्यापेक्षा स्विचवर व्हीलॅन ९९९ तयार करा, त्यात एकही यंत्र ठेवू नका, आणि ट्रंकवर 'स्विचपोर्ट ट्रंक नेटिव्ह व्हीलॅन ९९९' द्या. आता स्विचही ९९ वर टॅग लावेल, आणि राउटरवर तुम्ही लिहिलेलं जसंच्या तसं बरोबर ठरेल. राउटरला हात लावायची गरज नाही.

दोन सिस्को स्विचमध्ये नेटिव्ह जुळत नसेल तर सीडीपी (शेजारच्या यंत्राला आपली माहिती सांगणारा सिस्कोचा प्रोटोकॉल) कन्सोलवर 'नेटिव्ह व्हीलॅन मिसमॅच' असं वारंवार ओरडतो. त्या इशाऱ्यावर विसंबू नका. सीडीपी बंद असेल किंवा समोर दुसऱ्या कंपनीचं यंत्र असेल तर हा इशारा येतच नाही.

राउटरच्या बाजूचे दोष मोजके, त्यामुळे भरभर सांगतो. मूळ इंटरफेसवर 'नो शटडाउन' नसेल तर सबइंटरफेस कधीच उठणार नाहीत. आयपी पत्ता एन्कॅप्सुलेशनच्या आधी लिहिला तर राउटर नाकारतो, क्रम पाळा. ०/०.३० मधला ३० ही निव्वळ खूण आहे, खरा क्रमांक एन्कॅप्सुलेशनच्या ओळीतला. तिथे घाईत ३ पडला तर सगळं बरोबर दिसूनही काही चालत नाही. आणि पीसीवरचा गेटवे त्याच व्हीलॅनचा आहे ना, हे ट्रंक उकलायला घेण्याआधी पाहा.

एक दोष मात्र असा आहे की तो कुठल्याच कमांडमध्ये दिसत नाही. त्यावर मी एका साखर कारखान्यात दोन रात्री घालवल्या आहेत. राउटर कार्यालयात, स्विच वजनकाट्यावर, मध्ये फायबर आणि दोन्ही टोकांना फायबर व तांब्याची केबल जोडणारे मीडिया कन्व्हर्टर. गाळप हंगाम सुरू होण्याआधी आम्ही साध्या जोडणीचा ट्रंक केला, कारण काट्यावर कॅमेरेही बसवायचे होते. पिंग अगदी स्वच्छ. ट्रंकचे चारही तुकडे बरोबर. पण काट्याच्या संगणकावर वजनपावतीचा प्रोग्राम उघडायचा, नाव-पासवर्ड घ्यायचा आणि यादी आणताना अडकून बसायचा. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली, आणि चालक दर पाच मिनिटांनी खिडकीशी येऊन विचारणार.

दुसऱ्या रात्री पिंगचा आकार वाढवत नेला. विंडोजवर तुकडे न करण्याची अट घालून '-एफ' आणि आकारासाठी '-एल'. १४०० गेलं, १४६० गेलं, १४६८ गेलं. १४७२ नाही. फरक चार बाइटचा. तो आकडा दिसला आणि सगळं उलगडलं. साधी इथरनेट फ्रेम जास्तीत जास्त १५१८ बाइटची, टॅग लागला की १५२२ ची. त्या जुन्या कन्व्हर्टरला १५१८ च्या वर काही कळत नव्हतं, मोठी फ्रेम तो गुपचूप टाकून देत होता. लहान पिंग आणि लॉगिन जात होतं, भरलेली फ्रेम येणारी यादी जात नव्हती. कन्व्हर्टर दुसऱ्या दिवशी बदलले, पण त्या रात्री राउटरच्या सबइंटरफेसवर 'आयपी टीसीपी ॲडजस्ट-एमएसएस १४५६' (टीसीपीच्या एका पाकिटात १४५६ बाइटांहून जास्त डेटा नको) लिहून काटा चालू केला. १४५६ अधिक हेडरचे ४० म्हणजे १४९६, तेवढंच त्या कन्व्हर्टरमधून निघत होतं. ट्रंकच्या वाटेत कन्व्हर्टर, रेडिओ लिंक किंवा जुना अनमॅनेज्ड स्विच असेल तर १४७२ चं पिंग आधी करा.

तुमच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या कंपनीचे स्विच आहेत असंही तुम्ही लिहिलंय. तिथे शब्दांनी फसू नका. एचपीच्या प्रोकर्व्हवर 'ट्रंक' म्हणजे अनेक केबली बांधून केलेली एक जोडणी, आपण ज्याला ट्रंक म्हणतो ते तिथे पोर्टाला व्हीलॅन 'टॅग्ड' करणं. स्वस्त स्मार्ट स्विचवर पोर्ट व्हीलॅन ३० मध्ये 'अनटॅग्ड' केला तरी पीव्हीआयडी (टॅगशिवाय आत आलेली फ्रेम कुठल्या व्हीलॅनची मानायची तो क्रमांक) १ वरच राहू शकतो. मग यंत्राकडे येणारी वाहतूक ३० मधून येते आणि त्याच्याकडून जाणारी १ मध्ये पडते, पुन्हा तीच एकतर्फी वाट. पुढे कधी राउटर मायक्रोटिकचा आला तर ब्रिज स्वतःलाही त्या व्हीलॅनमध्ये टॅग्ड सदस्य करा, नाहीतर फ्रेम ब्रिजपर्यंत येऊनही राउटरच्या सबइंटरफेसला मिळत नाही. व्हीलॅन फिल्टरिंग सगळं लिहून झाल्यावर शेवटी चालू करा.

कुणी वायरशार्क (फ्रेम टिपून दाखवणारा प्रोग्राम) लावून 'टॅग दिसतच नाहीत' म्हणालं तर लगेच विश्वास ठेवू नका. विंडोजवर अनेक नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर टॅग काढूनच फ्रेम वर देतात. आणि स्विचवरून स्पॅन (एका पोर्टाच्या वाहतुकीची दुसऱ्या पोर्टावर नक्कल) घेताना 'एन्कॅप्सुलेशन रेप्लिकेट' लिहिलं नसेल तरी टॅग गळून पडतात.

आता काम असं करा. कॉलेज सुटल्यावर, शक्यतो कन्सोल केबल लावून. लांबून करावं लागलंच तर आधी चालू कॉन्फिग साठवा, मग स्विचवर 'रीलोड इन १५' द्या. चुकून स्वतःचीच वाट कापलीत तर १५ मिनिटांनी स्विच परत सुरू होऊन जुन्या कॉन्फिगवर येईल. मग व्हीलॅन १०, २०, ३०, ९९ आणि ९९९ स्विचवर आहेत का ते 'शो व्हीलॅन ब्रीफ' ने बघा. ट्रंक पोर्ट त्या यादीत दिसणार नाही, ते बरोबरच आहे. गिगाबिट ०/१ वर 'ट्रंक अलाउड व्हीलॅन १०,२०,३०,९९' ही पूर्ण यादी एकदाच, मुद्दाम 'ॲड' शिवाय, म्हणजे जुनं काही उरणार नाही. नंतर नेटिव्ह ९९९, मोड ट्रंक, नोनिगोशिएट. 'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट ट्रंक' सुद्धा द्या, कारण समोर राउटर आहे. त्यामुळे केबल लावल्यावरची ३० सेकंदांची वाट वाचते. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टावर मात्र हे कधीही लिहू नका. त्या स्विचकडे जाणाऱ्या ट्रंकचाही नेटिव्ह बदलायचा असेल तर दोन्ही टोकं एकाच बैठकीत बदला, लांबचं टोक आधी.

राउटरवरून चारही व्हीलॅनमध्ये पिंग करा, एकदा साधं आणि एकदा १५०० आकाराचं, डीएफ बिट (तुकडे न करण्याची खूण) लावून. सिस्को राउटरच्या पिंगमध्ये आकडा आयपी हेडरसकट मोजतात, म्हणून विंडोजच्या १४७२ ला इथे १५०० म्हणायचं. सगळं आलं की 'रीलोड कॅन्सल', आणि मगच 'राइट मेमरी'. यातूनही ९९ अडला तर मला तीन गोष्टी पाठवा: स्विचवरचे शो इंटरफेसेस ट्रंकचे चारही तुकडे, ९९ चा मॅक तक्ता, आणि राउटरवरचं शो व्हीलॅन्स, पिंगच्या आधीचं एक व नंतरचं एक.